राजा हलला

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते आणि दरवर्षी ग्रीक शोकांतिकेच्या पहिल्याच तासाला माझं डोकं फिरतं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, त्या राजाले भविष्य सांगतलंच काऊन?" मी म्हणते, अरे बाबा, भविष्य सांगितलं नसतं तर नाटकच झालं नसतं. "मंग नसतं झालं. आमाले पेपर तं सोपा गेला असता." पोट्टे चुकीचं बोलत नाहीत, हीच पंचाईत आहे.

ग्रीकांच्या गोष्टी बहुतेक एकाच वळणाच्या. एक राजा असतो. हुशार असतो, गावाचं भलंही केलेलं असतं. त्याला भाकीत येतं की तुझं अमुक वाटोळं होणार. राजा ते टाळायला निघतो आणि टाळता टाळता थेट त्याच्यावरच जाऊन आदळतो. देव वर बसून बघतात, खाली कोणी उतरत नाही. त्यांचे देव म्हणजे तर विचारूच नका. लग्नाला बोलावलं नाही म्हणून रुसायचं आणि त्या रागात दुसऱ्याचं अख्खं शहर जाळायचं. सगळ्यात मोठा देव बायकोला टरकून असतो आणि घराबाहेर बैलाचं नाहीतर हंसाचं सोंग घेऊन पोरींच्या मागं फिरतो. हे सगळं शिकवताना माझी जीभ कधी अडखळली नाही. माझ्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर घरातले सगळे देव टोपल्यात भरून नळगंगेत सोडले, तेव्हापासून आमच्या घरी ती पोस्ट रिकामीच आहे. भरतीची जाहिरात कोणी काढली नाही.

शनिवारी मी गावी जाते. आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूला. जेवताना मी आठवडाभर शिकवलेलं आई-बाबांना सांगते, कारण वर्गापेक्षा तिथं जास्त लक्ष असतं. बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणाले आणि लोक सरकले, त्यामुळं आपण सांगितलं की माणूस ऐकतो असा त्यांचा पक्का समज. ग्रीक राजाबद्दल त्यांचा निकाल एका घासात झाला.

"येडा होता तो. भाकीत आलं तं तपासायचं असते. पळायचं नसते."

"बाबा, त्यानं तपासलं. तीच तर सगळी भानगड आहे."

"नीट नसन तपासलं."

आईला राजाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न दरवेळी एकच, "अन त्याच्या बायकोले कोणी इचारलं का?" मी म्हणायचे, नाही विचारलं. "हाव, मले वाटलंच," असं म्हणून ती ताटात आणखी भाजी वाढायची.

आता आमच्या गावच्या भाकिताबद्दल सांगते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, गावाबाहेरच्या एका वावरात संध्याकाळी घट मांडतात. मधे खड्डा करायचा, त्यात चार ढेकळं ठेवायची, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजं. भोवताली गोल करून गहू, ज्वारी, तूर, सरकी असं सगळं धान्य. आणि घागरीजवळ विड्याचं पान, पानावर सुपारी. ही सुपारी म्हणजे राजा. रात्री तिथं कोणी थांबायचं नाही. उजाडताना बुवा येतात, कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहतात आणि सांगतात की पाऊस कसा, कापूस कसा, राजा कसा. बुवा म्हणजे ज्यांच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ही मांडणी आहे ते म्हातारे शेतकरी. अशी मोठी मांडणी घाटाखालच्या एका गावात होते, तिथं टीव्हीवाले येतात आणि तिथला राजा दिल्लीचा असतो. आमची आपली गावापुरती. ग्रीकांना यासाठी डोंगर चढून जावं लागायचं, तिथं धुरात बसलेली एक बाई काहीबाही बरळायची. आमचं त्यापेक्षा बरं म्हणायचं, कुरडई तरी असते.

तर एका आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना सुपारी पानावरून घरंगळलेली सापडली. बुवा म्हणाले, "राजा हलला." एवढंच. कोणता राजा हे बुवा कधीच सांगत नाहीत. ते काम बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीचं. ग्रीक नाटकात कोरस नावाची एक टोळी असते, ती सगळं पाहते, सगळ्यावर बोलते आणि करत काहीच नाही. आमच्या टपरीच्या बाकड्यावर हा कोरस सकाळपासून हजर असतो. कोरस म्हणाला, "दिल्लीचा राजा काय आपल्या गावच्या सुपारीनं हलते काय बे? आपला राजा म्हणजे सरपंच."

सरपंच माझे बाबा होते.

आमची वस्ती गावाच्या कडेला. तिथला माणूस राखीव जागा नसताना, सगळ्या गावाची मतं घेऊन सरपंच झाला, हे आमच्या गावात पहिल्यांदाच घडलं होतं. ज्या चावडीच्या ओट्यावर माझ्या आजोबांना चढू देत नव्हते, तिथंच आता ग्रामपंचायतीचं ऑफिस आहे आणि तिथंच ती खुर्ची. बाबांनी पाण्याची टाकी बांधली, स्मशानाचा रस्ता केला, शाळेला कंपाउंड घातलं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि बसायच्या आधी ती खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसायचे. ती खुर्ची जाऊ नये, याच्यापुढं त्यांना दुसरं काही नको होतं. मला त्यांचा अभिमान वाटायचा. खूप वाटायचा, अजूनही वाटतो.

"राजा हलला" ऐकून बाबा आधी हसले. मग टपरीवरून जाताना कोणीतरी म्हणालं, "काय सरपंच, धरून बसा बरं खुर्ची." मग एका लग्नात पंगतीत कोणीतरी म्हणालं. मग खुद्द उपसरपंच म्हणाले, आणि त्यांचा त्या खुर्चीवर कधीचा डोळा होता. बाबांच्या डोक्यात ते कुसळासारखं शिरलं. वर्षभर काहीही झालं नाही. पाऊस पडला, कापूस आला, खुर्ची जागच्या जागी. म्हणजे भाकीत आयतंच खोटं पडलं होतं! शहाण्या माणसानं पेढे वाटले असते. पण बाबांना ते खोटं पडलेलं पुरेना, त्यांना ते खोटं पाडायचं होतं.

चोऱ्यांच्या बंदोबस्तासाठी ग्रामपंचायतीनं कॅमेरे बसवले होते. पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी त्यातला एक बाबांनी मांडणीच्या वावराकडेच्या खांबावर हलवला. मला फोनवर सांगताना आवाजात नुसता आनंद.

"बाबा, नका ना. ग्रीकांत असंच होतं. जो भाकितापासून पळतो तोच—"

"मी कुठं पळून राह्यलो? मी तपासून राह्यलो."

आखाजीची रात्र सरली आणि उजाडताना सुपारी परत खाली. बुवांनी परत सांगितलं, राजा हलला. गावात कुजबुज सुरू झाली आणि आमचे बाबा, ज्यांची खुर्ची दुसऱ्यांदा हलली होती, ते घरी येऊन टाळ्या पिटत होते.

एक मेची ग्रामसभा. झेंडावंदन झालेलं, शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला, शाळेचाच प्रोजेक्टर. मला सुट्टी होती, मीही बायकांमध्ये आईशेजारी बसले होते. पाणीपट्टीचा विषय झाला, घरकुलाचा झाला, आणि मग बाबा म्हणाले, "आता एक कार्यक्रम दाखवतो." भिंतीवर मांडणीचं वावर दिसायला लागलं. थोडा वेळ काहीच नाही. मग कोपऱ्यातून एक उंदीर आला.

उंदीर म्हणजे काय उंदीर होता! घाई नाही, गडबड नाही. आधी भजं खाल्लं. मग पुढचे पाय पुसल्यासारखे केले, सरकीत तोंड घालून पाहिलं, आवडली नाही. कुरडई ओढायला लागला तेव्हा मागं मागं सरकत गेला, त्याचं बूड पानाला लागलं आणि सुपारी गडगडत खाली. खोली हशानं फुटली. बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, पोरं बाकांवर चढली. हसू मलाही आलं, न येऊन सांगतं कोणाला.

"परत लाव," बाबा म्हणाले.

परत उंदीर, परत बूड, परत सुपारी. परत हशा.

"परत लाव. बुवा, समोर या ना, तुमाले नीट दिसन."

बुवा पुढं आले. टोपी हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. उंदराची सावली त्यांच्या सदऱ्यावरून गेली, त्यालाही लोक हसले. बाबा म्हणाले, "राजा कोण हलवते ते समजलं ना आज? पुढच्या सालापासून मान याले द्या." आणि परत लावायला सांगितलं. बुवा एवढंच म्हणाले, "माह्या आज्यानं मांडली, माह्या बापानं मांडली, म्हणून म्या मांडली." ते कोणाला ऐकू गेलं असेल नसेल. मग ते टोपी घालून दाराबाहेर पडले.

गंमत पाहा. जे पोट धरधरून हसले, तेच रात्रीची जेवणं होईपर्यंत चिडले. घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मांडणी गावाची, बुवा गावाचे, म्हणजे हसं गावाचं झालं. स्वतःवर चिडायची सोय नसते, म्हणून ते बाबांवर चिडले. मांडणीत कॅमेरा घातला, आमचा घट बाटवला, असलंही बोलून झालं. बाटवला हा शब्द निघाल्यावर आमच्या वस्तीतली पोरं भडकली आणि ती भडकली हे बरोबरच होतं. उपसरपंचांना दुसरं काय हवं? मनमानी कारभार म्हणून त्यांनी अविश्वास ठराव आणला, सदस्यांकडून मंजूर करून घेतला आणि शेवटचा निकाल ग्रामसभेकडं आला. चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान. बाबा म्हणाले, "गाव माह्या मागं आहे. टाकीचं पाणी पेते ना गाव."

ग्रीक नाटकात जे काही भयंकर व्हायचं ते आत होतं. प्रेक्षकांना ते दिसत नाही, एक माणूस धावत बाहेर येतो आणि झालेलं सांगतो. मी त्या दिवशी वर्गात नेमकं हेच शिकवत होते, हे सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून सांगते की मी त्या दिवशी व्याकरण शिकवत होते. तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तर चुलतभावाचा फोन आला.

"ताई, गेलं."

"काय गेलं?"

"खुर्ची गेली. मोठ्ठ्या फरकानं गेली."

म्हणजे झालं की नाही भाकीत खरं? उंदरानं सांगितलेलं का असेना. ना कोणी देव मधे पडला, ना कोणाचा शाप. एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि माझा बाप, एवढ्या सामानात काम झालं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि स्टाफरूममध्ये एक बाई विचारत होत्या की मॅडम, साबुदाणा घेणार का.

मला वाटलं, संपलं. पण खरी गोष्ट पुढंच आहे. मोजायच्या सोयीसाठी चिठ्ठ्यांच्या पेट्या वॉर्डवार ठेवल्या होत्या, आणि आमच्या वस्तीच्या पेटीतही विरोधात एक चिठ्ठी निघाली. एकच. हरायचं ते बाबा बाकी गावाच्या मतांवर हरले होते, त्या एका चिठ्ठीनं काहीही फरक पडत नव्हता. पण बाबांनी सगळं गाव माफ केलं आणि ती चिठ्ठी धरून बसले. आपल्या वस्तीतला कोण? जेवताना तेच, आंघोळ करतानाही तेच. कोण कधी नजर चुकवून गेला, कोणाला घरकुल मिळालं नाही, कोण उपसरपंचांच्या ट्रॅक्टरवर बसून मोताळ्याला गेला होता. माणसं घरी बोलावून त्यांना चहा पाजायचे आणि डोळ्यांत बघत राहायचे. लोक चहा अर्धा टाकून उठायला लागले.

रविवारी दुपारी मी घरी होते. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. बाबा आत-बाहेर करत होते.

"पुरे करा आता ते," आई म्हणाली. "गेलं ते गेलं."

"पुरे कसं? घरातला साप समजायले नको?"

मी म्हटलं, "बाबा, तो ग्रीक राजा असाच चौकशी करत सुटला होता. बायको सांगत होती, नका विचारू, नका विचारू. ऐकलं नाही. शेवटी गुन्हेगार सापडला."

"कोण निघाला मंग?"

"तोच निघाला. स्वतः."

"मंग मीच टाकली का माह्याविरुद्ध चिठ्ठी? कायचे डोकं खाऊन राह्यले तुह्ये ग्रीक!" आणि मग थांबून, हळू आवाजात म्हणाले, "मले समजलं आता. आपला लहाना आहे."

लहाना म्हणजे माझे काका. भिंतीपलीकडं राहतात. दोघांनी एका ताटात जेवून दिवस काढलेत. काकांच्या पोराला पाणीपुरवठ्याचं काम बाबांनी दिलं नव्हतं, घरचा माणूस नको म्हणून, आणि काका तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते. बाबांनी तेवढ्यावर निकाल लावला. चप्पल पायात घातली. "विहारात नेऊन सर्व्या वस्तीपुढं इचारतो त्याले. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"भाऊजीले काही म्हणू नका," आई म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले. "ते मत माहं आहे."

"कोणतं मत?"

"तेच. जे तुम्ही गावभर शोधून राह्यले."

बाबा दारातच उभे. मला वाटलं ओरडतील. ते नुसतं म्हणाले, "काऊन?"

"माह्या बापानं मलकापूरहून घड्याळ आणलं होतं," आई म्हणाली. "हातातलं. मी लहान होती, बोट धरून होती. चावडीपुढून चाललो तं पाटलानं हाक मारली. म्हणे, किती वाजले रे? बापानं सांगतलं. सर्वे हसले. मंग म्हणे, आता किती वाजले? सांगतलं. परत हसले. कोणी हात नाही लावला, शिवी नाही देली. नुसतं इचारत राह्यले अन हसत राह्यले. घरी येऊन बापानं घड्याळ काढलं, ते काही पुन्हा घातलं नाही."

मी तिची मुलगी. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ते येगळं आहे," बाबा म्हणाले. "तुह्या बापाचं घड्याळ खरं होतं. या बुढ्याचं तं सर्वं थोतांड—"

"मी घड्याळाचं नाही सांगून राह्यली. तोंडाचं सांगून राह्यली. तुम्ही म्हणे परत लाव, परत लाव. तुम्ही भिंतीकडं पाहून राह्यले होते. मी त्या बुवाच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. उंदीर खरा आहे, मले काय समजत नाही? मी काय मांडणी मानते? पण त्या दिवशी समोर मले तुम्ही दिसलेच नाही. पाटील दिसला."

बाबा खाली बसले, उंबऱ्यातच, चप्पल घातलेले. आईनं भाकरी उलटली.

"मंग मले तवाच काऊन नाही सांगतलं?"

"सरपंचाले कोण सांगते?"

बाबा उठले आणि गेले. काकांकडं नाही, बुवांकडं. भर उन्हात, टोपी न घालता. आम्ही दोघी जेवायच्या थांबलो. परत आले तेव्हा हातपाय धुऊन पाटावर बसले आणि स्वतःच सांगायला लागले, शब्दाला शब्द. बुवांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. बाबा म्हणाले, माहं चुकलं, पुढच्या आखाजीले मांडा, मी कॅमेरा नाही लावत, मी तिकडं फिरकतही नाही. बुवा म्हणाले, तुमच्यावर राग नाही भाऊ. पण आता मांडली तरी लोकाईले घागर नाही दिसणार, उंदीरच दिसन. अन मले बी.

"आता मी काय करू?" बाबांनी विचारलं.

लोकांना पुढं सरका म्हणणारा माझा बाप पहिल्यांदा कोणाला तरी हे विचारत होता. आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. बाबा भाकरीला हात न लावता खरोखरच वाट पाहत होते.